पाण्याचा हिशेब : मुळशीतील मधाची काढणी आणि मेणाची शुद्धी

मध कधीच बिघडत नाही अशी समजूत घरोघरी असते आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तरीसुद्धा ताम्हिणीच्या वाटेवर उन्हाळ्यात विकत घेतलेल्या एखाद्या बाटलीतील मधाला श्रावणात फेस येतो, झाकण सैल करताच आतली हवा फसकन बाहेर पडते आणि चवीला आंबूसपणा आलेला असतो, तर त्याच हंगामात त्याच डोंगरातून आलेली दुसरी बाटली वर्षभर जशीच्या तशी राहते. तिसऱ्या एखाद्या घरी थंडी पडताच मधाच्या तळाशी रवाळ थर बसू लागतो आणि विकणाऱ्याने साखर घातली असे ठरवून सगळे मोकळे होतात. या तिन्ही बाटल्यांतील मध अस्सल असू शकतो. फरक असतो तो मुख्यतः पाण्याचा, म्हणजे माश्यांनी मधात किती पाणी शिल्लक ठेवले, काढणाऱ्याने किती घाई केली आणि काढल्यानंतर हवेतून किती ओल मधात शिरली याचा.

मधमाश्या पाळणाऱ्या नवशिक्या मधपाळाला काढणी म्हणजे पोळे कापणे, पिळणे आणि गाळणे एवढेच वाटते. प्रत्यक्षात मध तयार करण्याचे काम माश्यांनी पोळ्यातच पुरे केलेले असते. माणसाकडे उरते ते झालेले काम न बिघडवता मध बाहेर आणणे. मेणाचे नेमके उलट आहे, कारण पोळ्यातून निघालेले मेण घाणीने भरलेले असते आणि ते स्वच्छ करायला पाण्यावाचून दुसरे सोपे साधन नाही. मधाला पाणी वर्ज्य आणि मेणाला आवश्यक, या दोन गोष्टी पक्क्या समजल्या की काढणीतील बहुतेक नियमांची कारणे आपोआप उलगडतात.

मकरंदाचा मध होतो तो कसा

फुलातील मकरंद म्हणजे साखरेचे पातळ पाणी असते. त्यातील पाण्याचे प्रमाण वनस्पतीनुसार आणि हवामानानुसार वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. कामकरी माशी हा मकरंद पोटातील वेगळ्या पिशवीत भरून आणते आणि पोळ्यात परतल्यावर दुसऱ्या माशीच्या तोंडी देते. असा तोंडातोंडी फिरत असताना त्यात माश्यांच्या ग्रंथींतील विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिने, मिसळत जातात. त्यांपैकी एक विकर मकरंदातील ऊससाखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांत विघटन करते, तर दुसरे ग्लुकोजच्या थोड्या भागापासून आम्ल तयार करते, त्यामुळे मध गोड लागत असला तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण ३.९ च्या आसपास भरतो. लोखंडाच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा तांब्याच्या भांड्यात मध ठेवू नये असे सांगतात ते याच कारणाने.

यानंतरचे काम सुकवण्याचे. माश्या हा द्रव पोळ्याच्या षटकोनी घरांत पातळ थरांनी पसरतात, पोळ्याचा गाभा सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस इतका ऊबदार ठेवतात आणि पंखांनी सतत वारा घालून ओलसर हवा हलती ठेवतात. पाणी वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आले की घर मेणाच्या पातळ पडद्याने बंद केले जाते. या बंद घरांच्या मधाला पक्का मध म्हणावे आणि उघड्या घरांतल्या द्रवाला कच्चा.

पक्का मध टिकतो तो कैरीचे लोणचे ज्या कारणाने टिकते त्याच कारणाने. लोणच्यातील मीठ फोडींतील पाणी ओढून घेते आणि जंतूंच्या पेशींतीलही. मधातील दाट साखर यीस्टच्या, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या, पेशींतील पाणी तसेच शोषून घेते आणि त्यांची वाढ थांबते. यीस्ट मात्र मरत नाही. मकरंदाबरोबर आलेल्या यीस्टच्या पेशी उत्तम मधातही निपचित पडून असतात. पाणी १७ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्यांचे काही चालत नाही, ते २० टक्क्यांच्या पुढे गेले की मात्र त्या जाग्या होतात, साखरेचा मद्यार्क व कर्बवायू करतात आणि बाटलीतून तो फेस उसळतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानेही मधातील पाण्याची कमाल मर्यादा २० टक्केच ठरवली आहे.

सातेरी, आग्या आणि सह्याद्रीचा फुलोरा

मुळशीच्या रानात मधमाश्यांच्या चार जाती सर्रास आढळतात. कड्यांवर आणि उंच झाडांवर एकच मोठे उघडे पोळे बांधणारी आग्या, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत एकाआड एक अनेक पोळी बांधणारी सातेरी, आणि भिंतींच्या फटींत राहणारी, डंख नसलेली चिमुकली पोया. यांपैकी अंधारात समांतर पोळी बांधण्याची सवय असलेली सातेरीच लाकडी पेटीत सुखाने राहते. सपाटीवर मोहरी किंवा सूर्यफुलाच्या शेतांजवळ पाळली जाणारी मेलिफेरा ही युरोपातून आलेली जात मध जास्त देते हे खरे, पण तिला हंगामामागोमाग शेताशेतांतून हलवावे लागते; डोंगराळ आणि पावसाळी मुलखात घराजवळ दोनचार पेट्या ठेवू पाहणाऱ्याने सातेरीच निवडावी. तिच्याकडून वर्षाला पेटीमागे पाच ते दहा किलो मध मिळाला तर तो चांगला समजावा. मेलिफेराच्या आकड्यांवरून हिशेब मांडणारा पहिल्याच वर्षी निराश होतो.

या भागातील फुलोऱ्याचे दोन हंगाम पडतात. थंडी सरली की गेळा, अंजनी, जांभूळ, हिरडा असे वृक्ष एकामागून एक फुलतात आणि मेअखेरपर्यंत मुख्य मध गोळा होतो. पावसाळा ओसरल्यावर सोनकी, तीळ, कारळा आणि रानातील इतर फुले दुसरा, लहान हंगाम देतात. मधल्या चार महिन्यांत ताम्हिणीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, माशीला बाहेर पडता येत नाही आणि वसाहत साठवलेल्या मधावर जगते. या सगळ्याहून निराळी ती कारवी. एकाच डोंगरावरची झुडपे आठ वर्षांनी एकदम फुलतात आणि त्या वर्षी पेट्या जड होतात. हा मध इतका वेगळा असतो की देशाच्या अन्नविषयक नियमांत त्याला नावानिशी सवलत दिलेली आहे. इतर मधांत ऊससाखर जास्तीत जास्त ५ टक्के चालते, कारवीच्या मधाला, तिच्या जुन्या शास्त्रीय नावाने, १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपासाठी संपूर्ण देशाच्या मानकात वेगळी ओळ असावी, ही गोष्ट मुळशीतही फारशी कोणाला ठाऊक नसते.

सातेरीच्या मधात पाणी मेलिफेराच्या मधापेक्षा अनेकदा थोडे अधिक राहते. त्याला दमट हवा कारणीभूत आहेच. त्याशिवाय वारा घालण्याच्या तऱ्हेतही भेद आहे. मेलिफेराच्या माश्या दाराशी डोके आत करून पंख हलवतात आणि पेटीतली ओली हवा बाहेर खेचतात. सातेरीच्या माश्या डोके बाहेर करून उभ्या राहतात आणि बाहेरची हवा आत लोटतात. बाहेरची हवाच ओली असली तर या मेहनतीचे फळ उशिरा मिळणार हे उघड आहे, म्हणून सातेरी पाळणाऱ्याला काढणीच्या वेळेचे भान अधिक ठेवावे लागते.

शिकण्याची सोय जवळच आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात शिवाजीनगर भागात काम करते, राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथील डोंगर, पाऊस आणि झाडे मुळशीशी इतकी मिळतीजुळती आहेत की मांघरची पेटी पाहून आलेल्याला मुळशीत नवे असे फार थोडे शिकावे लागेल.

चौकट उचलण्याची वेळ

पेटीचे साधारण दोन मजले असतात. खालच्या मजल्यात राणीमाशी अंडी घालते आणि पिल्ले वाढतात. त्याला पिलाव कोठी म्हणावे. वरच्या मजल्यात, म्हणजे मधकोठीत, फक्त मध साठतो. दोन्हींत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत एक पोळे बांधलेले असते. मध काढायचा तो फक्त वरच्या मजल्यातून. खालच्या पोळ्यांच्या कडेला दिसणारा मध हा त्या वसाहतीचा शिधा आहे आणि मुळशीसारख्या मुलखात तो काढून घेणे म्हणजे जुलैमध्ये रिकामी पेटी पाहण्याची तयारी करणे. सातेरीला उपासमार सोसत नाही, ती पेटी सोडून निघून जाते.

चौकट तयार झाली की नाही हे डोळ्यांनी कळते. पोळ्याच्या दोन्ही बाजूंची किमान तीनचतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली असावीत. शंका असेल तर चौकट पेटीवरच आडवी धरून एक हलका झटका द्यावा. उघड्या घरांतून थेंब उडाले तर तो अजून कच्चा मकरंद आहे आणि चौकट परत ठेवावी. खात्रीचे उत्तर हवे असेल तर रिफ्रॅक्टोमीटर नावाचे हातात मावणारे उपकरण मिळते. त्याच्या काचेवर मधाचा एक थेंब ठेवून प्रकाशाकडे पाहिले की प्रकाश किती वाकतो त्यावरून पाण्याचे प्रमाण थेट आकड्यांत वाचता येते. चारपाच मधपाळांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

वेळेच्या बाबतीत दोन टोके सांभाळायची असतात. लवकर काढला तर मध कच्चा, आणि वळवाचे ढग जमू लागेपर्यंत थांबले तर हवेतली ओल वाढलेली. पक्का मध हवेतली वाफ ओढून घेतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या बरीच वर गेली की उघड्या भांड्यातील १७–१८ टक्के पाण्याचा मधही पातळ होत जातो, आणि मुळशीत जूनपासून आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या कितीतरी वर असते. त्यामुळे मुख्य काढणी मेच्या मध्यापर्यंत, कोरड्या दिवशी, दव पूर्ण वाळल्यानंतर उरकावी आणि जांभळाचा फुलोरा लांबला म्हणून आशेने दिवस मोजत बसू नये.

माश्या हटवण्यासाठी धुराचा वापर होतो. माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून धोक्याची सूचना देणारा गंध सुटतो आणि इतर माश्या त्या गंधाने चवताळतात. धूर तो गंध झाकून टाकतो, शिवाय वणवा आला असे समजून माश्या मधावर तुटून पडतात आणि पोट भरलेली माशी सहसा डंखाच्या मागे लागत नाही. धुराडीत नारळाची सोडणे किंवा सुकी गोवरी जाळावी, रॉकेलची चिंधी किंवा प्लॅस्टिक कदापि नको. सातेरीला दारातून दोनच फुंकरी पुरतात. जास्त धूर दिला तर ती पोळ्यावर सैरावैरा धावते आणि धुराचा वास मधात उतरतो तो वेगळाच. उरलेल्या माश्या मऊ ब्रशने झाडाव्यात. चौकटी झाकणाच्या डब्यात ठेवून लगेच बंद खोलीत न्याव्यात, कारण उघड्यावर मध सांडला की शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटीला येतात.

पिळावे की फिरवावे

आग्याचे किंवा ढोलीतले पोळे कापून फडक्यात पिळण्याची पद्धत जुनी आहे आणि रानातल्या पोळ्यांचा मध गोळा करणाऱ्या समाजांच्या उपजीविकेचा तो भाग राहिला आहे; २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मध आणि मेण यांना गौण वनोपज मानून त्यावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. पण पेटीतल्या पोळ्यासाठी पिळणे दोन कारणांनी तोट्याचे ठरते. पोळ्यात मधाबरोबर पराग आणि कधी अळ्याही असतात. पिळताना त्यांचा रस मधात उतरतो, पाणी आणि प्रथिने वाढतात, आणि आंबण्याला हेच निमंत्रण ठरते. दुसरे कारण हिशेबाचे आहे. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असा सर्वसाधारण अंदाज आहे, म्हणजे पोळे मोडून मिळवलेल्या थोड्या मेणासाठी पुढच्या हंगामाचा मध आधीच गमावलेला असतो.

पोळे न मोडता मध काढणे शक्य झाले ते एकोणिसाव्या शतकात. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरतीच फट ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली हेरले आणि त्या फटीच्या मापावर सुट्या चौकटींची पेटी उभी केली. सातेरीसाठी ही फट थोडी अरुंद, सुमारे आठ मिलिमीटर लागते. पुढे १८६५ साली फ्रांझ फॉन हृश्का या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याने फिरवून मध काढण्याचे यंत्र लोकांसमोर मांडले आणि आजचे मधयंत्र त्याच तत्त्वावर चालते.

स्टीलच्या पिंपात उभ्या दांड्याभोवती जाळीचे दोन किंवा चार पिंजरे बसवलेले असतात आणि वरचा हँडल फिरवला की ते गरगरतात. प्रथम बंद घरांवरचे मेणाचे पडदे काढावे लागतात. लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, आणि हे विसरू नये, कोरड्या फडक्याने पुसून, पोळ्याच्या पृष्ठभागावरून खालून वर अलगद चालवावी. न पुसलेल्या सुरीवरचे पाणी थेंबाथेंबाने मधातच जाते आणि माश्यांनी आठवडाभर उडवलेली वाफ परत भरून निघते. पडदे उतरलेली चौकट पिंजऱ्यात ठेवून सावकाश फिरवावी. पोळ्यातील घरे किंचित वर झुकलेली असतात म्हणून मध आपोआप सांडत नाही, पण फिरताना तो बाहेरच्या दिशेने रेटला जातो, भिंतीवर आपटतो आणि पिंपाच्या तळाशी उतरतो. एका बाजूचा अर्धा मध निघाला की चौकट उलटावी, दुसरी बाजू पूर्ण रिकामी करावी आणि मग पहिलीकडे परत यावे. एकाच बाजूने जोर लावला तर आतल्या बाजूच्या भरलेल्या घरांच्या वजनाने पोळे फाटते. सातेरीचे नवे, पांढरेशुभ्र पोळे तर फारच नाजूक असते आणि पहिल्या वर्षी एकदोन पोळी तुटतातच.

रिकामी चौकट संध्याकाळी पेटीत परत ठेवावी. घरांच्या तळाशी चिकटलेला मध माश्या चाटून साफ करतात आणि तेच पोळे पुन्हा भरतात.

गाळणे, निवळणे, भरणे

यंत्रातून निघालेल्या मधात मेणाचे कण, परागाचे गोळे, एखादा पंख आणि हवेचे असंख्य बुडबुडे असतात. तो आधी जाड जाळीतून आणि नंतर पूर्ण वाळलेल्या स्वच्छ सुती फडक्यातून गाळावा आणि झाकणाच्या उंच भांड्यात एक-दोन दिवस स्थिर ठेवावा. मधाची घनता पाण्याच्या जवळजवळ १.४ पट असल्याने मेण आणि बुडबुडे वर येतात आणि फेसाचा थर जमतो. तो काढून टाकला की खालचा मध तळाच्या तोटीतून बाटल्यांत भरता येतो. याच घनतेमुळे एक लिटरच्या बाटलीत सुमारे एक किलो चारशे ग्रॅम मध मावतो, आणि दर किलोचा सांगून माप लिटरचे देणारा मधपाळ स्वतःचेच नुकसान करून घेतो.

गाळणे सोपे व्हावे म्हणून मध चुलीवर तापवण्याचा मोह होतो. गरम पाण्याच्या भांड्यात मधाचे भांडे ठेवून तो ४० अंशांपर्यंत कोमट केला तर बिघडत नाही. त्यापुढे उष्णता आणि वेळ जसजशी वाढते तसतशी विकरे निकामी होतात, सुवास उडतो आणि साखरेच्या मोडतोडीतून हायड्रॉक्सीमिथिलफरफ्युरल नावाचे संयुग साठत जाते. मध किती तापवला किंवा किती जुना झाला हे प्रयोगशाळेत याच्या प्रमाणावरून ओळखतात आणि किलोला ८० मिलिग्रॅम ही त्याची आपल्याकडची कमाल मर्यादा आहे. मोठे कारखाने यीस्ट मारण्यासाठी मध ६० अंशांच्या पुढे नेतात, पण लगेच थंड करण्याची सोय त्यांच्याकडे असते. घरच्या चुलीवर ती नसते, म्हणून कच्चा मध तापवून टिकाऊ करण्यापेक्षा तो पक्का होईपर्यंत थांबलेले बरे.

> लक्षात ठेवण्याजोगी तापमाने (अंश सेल्सिअस)
> मध रवाळ होण्याचा वेग १४ च्या आसपास सर्वांत जास्त असतो. पोळ्याचा गाभा ३४–३५ ला असतो आणि गाळण्यासाठी मध ४० च्या पुढे नेऊ नये. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ ला वितळते; ते ८५ च्या वर नेले की काळवंडू लागते.

मध रवाळ होणे म्हणजे त्यातील ग्लुकोजचे स्फटिक होणे. मधात या साखरेचे प्रमाण पाण्यात सहज विरघळून राहील त्यापेक्षा जास्त असते. थंडी पडली आणि परागाचा किंवा आधीच्या स्फटिकाचा कण आधाराला मिळाला की ती सुटी होऊन बसू लागते. मोहरीसारख्या ग्लुकोज जास्त असलेल्या मधात हे काही आठवड्यांत घडते, फ्रुक्टोज जास्त असलेल्या मधात वर्षभरही घडत नाही. यात भेसळीचा काही संबंध नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पूर्ववत होतो. एक अडचण मात्र खरी आहे: ग्लुकोज स्फटिकात गेल्यावर उरलेल्या द्रवात पाण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे काठावरचा, २० टक्क्यांच्या जवळचा मध आधी रवाळ होतो आणि मग वरच्या पातळ थरात आंबतो.

अंगठ्यावर थेंब ठेवणे, पाण्यात सोडणे, कापसाची वात मधात बुडवून पेटवणे या घरगुती चाचण्या फार तर मध दाट आहे की पातळ एवढेच सांगतात. दाट साखरपाकही त्या सगळ्यांत उत्तीर्ण होतो. शुद्धतेची खरी हमी पेटीवरच मिळते: मधकोठी चढवलेली असताना माश्यांना साखरपाणी द्यायचे नाही. पावसाळ्यात साखरपाणी द्यावेच लागते, पण मधकोठी उतरवल्यानंतर. नाहीतर माश्या ते इमानेइतबारे वर नेऊन साठवतात आणि मधपाळाने भेसळ न करताही बाटलीत भेसळ उतरते.

बाटलीवर एक सूचना अवश्य लिहावी. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत महाराष्ट्रात अजून आहे, पण मधात बॉट्युलिझम या लकव्यासारख्या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजकण असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये, मग तो कितीही शुद्ध असो.

मेणाची शुद्धी

मेण फुलांतून येत नाही. बारा ते अठरा दिवस वयाच्या कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे पाझरतात, माशी ते पायांनी ओढून तोंडात चघळते आणि घराच्या भिंतीला लावते. सुरीने उतरवलेले पडदे हे यातले सर्वांत स्वच्छ मेण. ते चाळणीवर रात्रभर निथळत ठेवावेत, कारण त्यांना बराच मध चिकटलेला असतो. काढलेल्या मधाच्या वजनाच्या एक-दोन टक्के एवढेच मेण यातून मिळते, म्हणजे दहा किलो मधामागे शंभर ते दोनशे ग्रॅम. दुसरा साठा जुन्या, काळ्या पडलेल्या पोळ्यांचा. त्या प्रत्येक घरातून पिल्लांच्या अनेक पिढ्या वाढलेल्या असतात आणि दर पिढी आपल्या कोशाचे रेशमी अस्तर मागे ठेवून जाते, त्यामुळे पोळे वजनाला भरते पण मेण कमी देते.

ही जुनी पोळी वितळवण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवण्याचे कारण येथे कळते. कोशांची कोरडी अस्तरे वितळलेले मेण पिऊन टाकतात; ती आधीच पाण्याने भरलेली असली तर मेणाला जागा उरत नाही आणि ते सुटून वर येते. भिजवलेली पोळी गोणपाटाच्या पिशवीत बांधावीत, स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाण्यात ठेवून वर दगडाचे वजन द्यावे आणि पाणी उकळू न देता तापवावे. पाण्यापेक्षा हलके असल्याने मेण पृष्ठभागावर जमते, मधाचा अंश पाण्यात विरघळतो आणि कचरा पिशवीत अडकतो. लोखंडी कढईत मेण तपकिरी होते, तांब्यापितळेत हिरवट. पाणीही पाहून घ्यावे: बोअरचे जड पाणी वापरले तर त्यातील क्षार मेणातील आम्लांशी संयोग पावतात आणि मेण-पाण्याचा भुसभुशीत, राखाडी लगदा तयार होतो. पावसाचे साठवलेले पाणी यासाठी सर्वांत चांगले, आणि मुळशीत निदान त्याची तरी टंचाई नाही.

पातेले चुलीवरून उतरवल्यावर पोत्याने झाकून रात्रभर हळूहळू निवू द्यावे. घाईने थंड केलेली वडी तडकते आणि बारीक गाळ मध्येच अडकतो; सावकाश निवलेल्या मेणातून तो खाली बसतो आणि सकाळी आक्रसून सुटलेल्या चकतीच्या बुडाला काळा थर म्हणून दिसतो. तो सुरीने खरवडून काढावा आणि चकती पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यात वितळवून जाड फडक्यातून गाळावी. मेणाचे भांडे कधीही थेट ज्योतीवर ठेवू नये, पाण्याच्या भांड्यातच ठेवावे. मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी ओतल्यास ते वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडवते. झाकण घालून हवा तोडणे हाच उपाय. ज्यांना हा धोका पत्करायचा नाही त्यांनी आतून काळी रंगवलेली, वर काच बसवलेली लाकडी पेटी एप्रिल-मेच्या उन्हात ठेवावी. आतील तापमान ६५ अंशांच्या वर सहज जाते आणि मेण उतरत्या पत्र्यावरून आपोआप खालच्या भांड्यात जमते. जूननंतर या पेटीचा काही उपयोग नाही.

वितळवण्याचे काम पावसाळ्यापर्यंत लांबवू नये, कारण उबदार ओलसर हवेत न हाताळलेल्या पोळ्यांवर मेणकिडा पडतो. या पतंगाच्या अळ्या मेणापेक्षाही त्यातील कोशांची अस्तरे आणि पराग यांच्या मागे असतात आणि काळ्या पोळ्याचा जाळीदार चुरा करतात. शुद्ध मेणाच्या वडीला त्या सहसा शिवत नाहीत. अशा वडीवर काही महिन्यांनी पांढरट भुकटी दिसते ती बुरशी नव्हे. मेणातील काही घटक पृष्ठभागावर येतात आणि किंचित ऊब दिली की नाहीसे होतात.

या मेणाचे करायचे काय, याची उत्तरे जुनीच आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लासात मेणाची मूर्ती घडवून, तिला मातीचे लेप देऊन, मेण तापवून काढून टाकून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत सविस्तर सांगितलेली आहे. आज थोडे मेण ओठांच्या मलमात आणि मेणबत्त्यांत जाते, पण मधपाळाच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचा उपयोग म्हणजे मेणपत्रा, म्हणजे षटकोनांचे ठसे उठवलेला मेणाचा पातळ पत्रा. तो चौकटीत बसवला की माश्यांना पाया आयता मिळतो, पोळे सरळ येते आणि मेणासाठी खर्च होणारा मध वाचतो. पत्रा घेताना ठशाचे माप मात्र विचारून घ्यावे. मेलिफेराच्या कामकरी घराची रुंदी सुमारे ५.४ मिलिमीटर असते, सातेरीची पाच मिलिमीटरच्या आत. सातेरीच्या नरांची घरे जवळपास मेलिफेराच्या कामकरी घरांएवढी भरतात, म्हणून चुकून मेलिफेराचा पत्रा दिला गेला तर सातेरीच्या पेटीत कामकरी माश्यांऐवजी नरच वाढू लागतात, आणि नर मध गोळा करत नाहीत.